मळ्यातली कफनी

सावरखेड्याला नदीच्या वरच्या अंगाला केवलगिरी महाराजांची झोपडी होती. धुनी, एक चटई आणि अंगावरची कफनी, एवढाच त्यांचा संसार. त्याच गावात दाजीबा पाटील राहत. माणूस तसा वाईट नव्हता, पण आपल्यावाचून गावाचे पान हलत नाही, असे त्यांना मनापासून वाटे.

नदीकाठचा त्यांचा एक तुकडा म्हाळसाबाई ही विधवा माळीण वाट्याने करी. भाजीचा मळा म्हणजे तान्हे मूल हो! पावसाळ्यात मिरचीची मुळे कुजली, उन्हाळ्यात विहीर खोल गेली आणि भेंडी वाळली. पाटलांनी बजावले, "यंदाची वांगी गेली, तर मळा सोडायचा." त्या मळ्यावाचून बाईला दुसरा आधार नव्हता.

वांगी फुलावर आली तेव्हा बाईने महाराजांपुढे गाऱ्हाणे मांडले. महाराजांनी अंगातली कफनी काढून तिच्या हाती दिली. म्हणाले, "बुजगावण्याला घाल." बाईने ती बांबूच्या आडव्या हातांवर चढवली, वर मडके पालथे घातले आणि चुन्याचे दोन डोळे काढले. पाटील पोट धरून हसले. "आता बुवाच राखणीला!"

पौषात अशी थंडी पडली की दहिवर पानांवरच गोठू लागले. अशा वेळी विहिरीचे कोमट पाणी वाफ्यांत सोडले तर रोपे तगतात. पाटलांनी सगळे पाणी बांधापलीकडच्या आपल्या वाफ्यांकडे वळवले. बाईने पदर पसरला, तर म्हणाले, "तुझ्या बुवाला माग की!"

सकाळी फटफटताना पाटील आपल्या मळ्यात गेले, तो पाणी देऊनही त्यांची वांगी काळी पडलेली! मग बाईचे काय झाले असेल, या विचाराने त्यांना जरा बरेच वाटले, आणि ते बांध ओलांडून गेले.

धुके दाट होते. एक पाखरू बोलत नव्हते. बुजगावण्याच्या जागी जमिनीत नुसते भोक होते.

आणि पलीकडच्या ओळीत कुणीतरी वाकले होते. अंगात कफनी, हात ताठ आडवे, खांद्यावर मडके. ते एकेका रोपावर वाकून फुंकर घाली. मडक्यावर तोंड काढलेले नव्हते, तरी त्यातून वाफ निघत होती. वाफ लागली की पानावरचे बर्फ वितळे आणि ती कफनी पुढच्या रोपाकडे सरके.

"कोण हाय तिकडं?" पाटील ओरडले.

मडके सावकाश वळले. चुन्याचे डोळे त्यांच्यावर रोखले गेले आणि आतून महाराजांचा आवाज आला, "हळू बोल, दाजीबा. रोपं निजलीत."

पाटलांनी काठी तिथेच टाकली. ते धावत सुटले ते थेट महाराजांच्या झोपडीत. पाहतात तो धुनी विझलेली, महाराज उघड्या अंगाने डोळे मिटून बसलेले, ओठ निळे, दाढीत बर्फाचे कण! शेजारी म्हाळसाबाई रडत होती.

"पाटील, महाराज रात्रभर हलले न्हाईत," ती म्हणाली. "धुनी पेटवू दिली न्हाई. मला म्हनले, आज मळ्यात मानसानं जाऊ नये."

तेवढ्यात महाराजांनी डोळे उघडले. रागाचा लवलेशही नव्हता, फार दमलेले दिसत होते.

"दाजीबा, मळा तगला," महाराज म्हणाले. "पण कडेच्या दोन ओळी राहिल्या रे. तू हाक मारलीस."

पाटील जमिनीवर कोसळले. "महाराज, पाणी मी तोडलं! त्या ओळी मी लावून देतो. मळा बाईचाच, बाईचा हात चालतोय तवर बाईचाच!" असे म्हणत त्यांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले, तो चटकाच बसला. पाय गोठलेल्या दगडासारखे गार होते. गावाला धाकात ठेवणाऱ्या त्या माणसाने मग पागोटे सोडले, ते दोन्ही पाय त्यात गुंडाळून छातीशी धरले, आणि ऊन वर येईपर्यंत तो त्यांवर फुंकर घालीत बसला.