बगळ्यांची साक्ष

धरणाच्या वीजघरात मासे चिरडून मरत होते आणि आमच्या भोईवाड्याची जाळी रिकामी येत होती. पाणी यंत्रात शिरतं तिथं बारीक जाळी लावा, म्हणून अर्ज घेऊन आम्ही तिथल्या मोठ्या साहेबांकडे गेलो.

साहेब हसले. "मासा हुशार असतो. यंत्रात एकही जात नाही."

आमचे म्हातारे लागले नंदीबैलासारखे माना डोलवायला!

हौसाआत्या तेवढी पुढं झाली. "असंल, साहेब. मग यंत्र सुरू झालं की खाली पाणी पडतं तिथं बगळे रांग लावतात, ते काय तुमची वीज खायला?"

साहेबांनी खिडकीतून खाली पाहिलं आणि अर्जावर सही केली.

मी आत्याकडं बघतच राहिलो. बगळे बघून जाळं टाकण्यात म्हाताऱ्यांचा जन्म गेला, पण बगळ्यांना साक्षीला उभं करणं एकट्या तिला सुचलं.