दोरीच्या आतला ताप

“मग मी हे काम सोडून देऊ का, महाराज?”

डॉक्टर मंदाकिनी घोरपड्यांनी हे दुसऱ्यांदा विचारलं.

पहिल्यांदा विचारलं तेव्हा दयाळगिरी महाराज गोळ्या घेत होते. सकाळचे आठ वाजले होते, आणि आठच्या गोळ्या आठलाच घ्यायच्या, हा नियम डॉक्टरांनीच घालून दिलेला.

महाराजांच्या पोटात धाकट्या भावाची किडनी होती. दोन वर्षं झाली. शरीराने ती परकी म्हणून झिडकारू नये, यासाठी शरीराचा पहारा औषधांनी सुस्त ठेवावा लागतो, तोही जन्मभर. पण पहारा सुस्त झाला की वर्षानुवर्षं अंगात निपचित पडलेले विषाणू डोकं वर काढतात आणि बाहेरचेही बिनबोभाट आत येतात. पहारा किती काढायचा आणि किती ठेवायचा… या एका प्रश्नापायी डॉक्टरांची एकोणीस वर्षं गेली होती.

मठाच्या ओसरीवर आडवी सुंभाची दोरी बांधलेली होती. दर्शनाला येणाऱ्याने दोरीबाहेरूनच हात जोडायचे, पायांना शिवायचं नाही. ही दोरीही डॉक्टरांचीच. वरच्या पायरीवर महाराजांचा धाकटा भाऊ, शिवगिरी, बसून असे. येईल त्याला तो तीन प्रश्न विचारी. सर्दी आहे? खोकला आहे? ताप आहे? मागच्या महिन्यात त्याने सरपंचांना एका शिंकेवरून टेकडी उतरायला लावली होती.

डॉक्टरांसाठी मात्र तो उठून उभा राहिला होता आणि त्याने दोरी वर उचलून धरली होती.

“कोण गेलं?” डॉक्टरांचा चेहरा बघून महाराजांनी विचारलं.

“शेवंता. सोमवारी. अठ्ठावीस वर्षांची होती… आईची किडनी बसवलेली.”

“हं.”

“तिचे आकडे उत्तम होते. दर आठवड्याला रक्त तपासत होतो. तिचा तक्ता मी विद्यार्थ्यांना दाखवायचे. म्हणायचे, बघा, पहारा असा राखावा.”

“आणि?”

“दोन आठवडे रक्तातल्या विषाणूंचा आकडा शून्य आला, म्हणून तिसऱ्या आठवड्यात तपासलं नाही.”

खाली कुठेतरी शेळ्या ओरडत होत्या.

“राजीनामा लिहून आणलाय,” डॉक्टर म्हणाल्या. “पर्समध्ये आहे. तुम्ही हो म्हणालात की इथूनच पाठवते.”

“माझ्या हो म्हणण्याने दवाखाना चालतो होय?”

“थट्टा नको, महाराज. फार थकलेय.”

“दिसतंय.”

सवयीने डॉक्टरांनी नाडी बघायला हात पुढे केला.

महाराजांनी आपला हात मागे घेतला.

दोन वर्षांत असं कधी झालं नव्हतं. डॉक्टरांचा हात तसाच अधांतरी राहिला.

“रागावलात?”

“बाई, सर्दी आहे?”

“काय?”

“सर्दी आहे का, म्हटलं.”

“…थोडी. चढ चढून…”

“खोकला?”

डॉक्टरांचा हात आपोआप गळ्याशी गेला. मास्क तिथेच होता. धाप लागली म्हणून अर्ध्या वाटेत खाली ओढलेला, तो तसाच राहिला होता.

“ताप?”

त्यांनी हाताची पालथी बाजू कपाळाला लावली. बराच वेळ लावून ठेवली.

“कधीपासून?”

“परवापासून असेल… बघितलंच नाही.”

त्या झटकन उठल्या, मास्क वर ओढला आणि वाकून दोरीखालून बाहेर आल्या. पायरीशी येऊन तिथेच बसल्या. महाराज सरकत सरकत मागे भिंतीशी गेले. त्यांनी उपरण्याने नाकतोंड झाकलं.

“शिवा, बाईंना घोंगडी दे. लांबूनच.”

शिवगिरीने घोंगडी आणून टाकली. त्याची मान वर होईना.

“तुम्हाला कसं विचारणार होतो, डॉक्टरीणबाई,” तो पुटपुटला. “नियम तुमचाच…”

“तुझं नाही चुकलं. शेवंताकडे बघायचं राहिलं, आणि आता इथे… उद्यापासून चौदा दिवस यांचा ताप बघ. सकाळ-संध्याकाळ. जरा जरी चढला तरी दवाखान्यात फोन कर. मी नसले तरी कर.”

“नसले तरी म्हणजे?” शिवगिरीने विचारलं.

डॉक्टर घोंगडीत अंग आवळून बसल्या. थंडी वाजत होती, हे त्यांना आता कळलं.

…

बऱ्याच वेळाने त्यांनी पर्समधून घडी केलेला कागद काढला आणि दोरीच्या दिशेने वर धरला.

“आता तरी सांगा, महाराज. रोग्याच्या अंगणात रोग घेऊन आले मी. सोडू ना?”

महाराजांनी भिंतीला डोकं टेकलं. तेवढ्या सरकण्यानेही त्यांना दम लागला होता.

“ताप उतरला की विचारा.”