न मागितलेले निरोप

त्या बेटावर नदीची बोली एका कासवालाच कळत असे. बेटाभोवती पाणीच पाणी. पलीकडचे सगळे निरोप पाण्यातून येत आणि पाण्यातूनच जात. निरोप घेऊन आलेली लाट कासवाच्या पाठीवर आपटली की तिचे जमिनीचे शब्द होत, आणि जमिनीवरचे शब्द त्याच पाठीवरून घरंगळत खाली गेले की त्यांचं पाणी होई. हे कसं घडतं ते कासवालाही ठाऊक नव्हतं. ते पाठीचं काम होतं.

कासव मूळचं बेटावरचं नव्हे. नदीच्या वरच्या अंगाला एक बंधारा होता. त्यावर पांढरेशुभ्र बगळे एका पायावर उभे असत आणि नदी आपलीच आहे असं मानत. बेटाला निरोपांचं पाणी त्यांनीच सोडलं, आणि पाण्यासोबत हे कासवही बेटाच्या मुखाशी, म्हणजे पाणी अरुंद होऊन बेटाला भिडे तिथे, आणून बसवलं. बसवताना त्याच्याकडे आणखी एक काम दिलं, राखणदारीचं. त्या कामाला तोंड लागतं, आणि कासवाला पाठीपेक्षा तोंडाचा अभिमान जास्त.

राखणीची रीत अशी होती. बेटावरच्या कुणाचंही नाव बाहेर कळू द्यायचं नाही. कुणीही निरोप धाडला तरी तो कासवाच्याच नावाने जाई. मूळचा कुणाचा ते कासव ध्यानात ठेवी आणि उत्तर आलं की ज्याचं त्याला पोचतं करी. एखादा निरोप येणार आहे अशी बेटावरच्या कुणी त्याला आधी वर्दी दिली असेल, तर तोही सोडी. पण जो आपण होऊन यायचा, त्याला ते विचारी, "तुला कुणी बोलावलं?" यावर बिचारा निरोप काय सांगणार? तो बुडे आणि कासवाच्या पोटाखालच्या चिखलात जाऊन बसे. चोराचिलटांपासून बेट वाचलं ते याच रीतीमुळे, हेही कबूल केलं पाहिजे.

कासवाचा आवाज मात्र अगदी बारीक. बेटाच्या मागच्या टोकाला, बांबूंच्या गर्दीआड राहणाऱ्यांना तो ऐकूच येत नसे. "काय? काय म्हणालात?" करत त्यांना उठून मुखाशी यावं लागे. कुणी तक्रार केली तर कासव म्हणे, "मी नीटच बोलतो. तुम्ही जवळ राहायला या." आता याला काय म्हणावं! शेवटी बेटकऱ्यांनी आपल्या पसंतीचा राखणदार आणला. तो होता कोतवाल पक्षी: काळाकुळकुळीत, नजरेत धाक, आणि दुभंगलेल्या शेपटीची दोन्ही टोकं सदा ताठ. मधल्या सावरीच्या झाडावर बसून त्याने पहिली हाक दिली, तेव्हा पार मागच्या बिळातलं झोपलेलं पोरसुद्धा दचकून उठलं. सगळे खूश झाले.

मग कासवाचं करायचं काय, असा प्रश्न आला. कुणी म्हणालं, पाठवणी करू. तसं करूनही पाहिलं. कासव मुखावरून बाजूला सरलं आणि बेट मुकं झालं. लाटा येत, आपटत, नुसत्या खळखळत. कोतवालाने पुष्कळ कान लावला, पण त्याला ओ की ठो कळेना. दिवस मावळायच्या आत त्याच मंडळींनी हातापाया पडून कासवाला परत जागेवर बसवलं. झाल्या अपमानाची भरपाई म्हणून त्याची राखणदारीही त्याच्याकडे तशीच राहू दिली. "म्हातारा जीव आहे, वाईट वाटायला नको. कोतवालही राखेल, तेही राखेल. दोघं असले तर बिघडलं कुठे?" असं म्हणत जो तो आपापल्या बिळात गेला.

कोतवाल मुखाशी गेला तेव्हा कासवाने रीतीप्रमाणे विचारलं, "कोण?"

"कोतवाल."

"बरं. म्हणजे बेटावर राहणारा एक, कोतवाल," असं म्हणून कासवाने बाकीच्या सगळ्यांना मनातून पुसून टाकलं. आता ती जबाबदारी त्याची नव्हती. कोतवालही काही कमी मानी नव्हता. सगळ्यांचे निरोप तो स्वतःच्या नावाने कासवाला देई, आणि कासव ते आपल्या नावाने नदीला देई. उत्तरं दोन ठिकाणी थांबत, पण येत. बेटकरी पलीकडे हाक मारून पाहत आणि उत्तर आलं की समाधानाने माना डोलावत. पलीकडे उभं राहून आत हाक मारून पाहावी, हे एकालाही सुचलं नाही.

बांबूंमागे एक साळिंदर राहत असे. सगळे तिला मावशी म्हणत आणि जरा लांबूनच म्हणत, कारण तिचं बोलणं तिच्या काट्यांच्याच जातीचं. तिची एकुलती लेक रेवा पलीकडच्या टेकडीत दिली होती आणि तिला आता दिवस गेले होते. साळिंदरांमध्ये पहिलं बाळंतपण माहेरी होतं. पण आईने आपण होऊन व्याह्यांकडे विचारायचं नसतं. तो त्यांना टोमणा वाटतो. लेकीने "न्यायला ये" असा निरोप धाडायचा, मग आईने जायचं. मावशीने सावरीखाली उभं राहून कोतवालाला बजावलं, "माझ्या रेवाचा निरोप येईल. मी कुठेही असेन, मला हाक मार. चुकलास तर शेपटीची दोन्ही टोकं उपटून हातात देईन!"

कोतवालाने शब्द दिला, आणि तो शब्दाला जागणारा होता. ही वर्दी कासवालाही द्यायला हवी, हे मात्र दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

मावशीने बाळंतिणीसाठी डिंक जमवायला घेतला. येता-जाता ती वर बघून विचारी, "आला का रे?" कोतवाल कासवाला विचारी, कासव म्हणे, "काही नाही," आणि कोतवाल तेच मावशीला सांगे. दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नव्हतं. शेवटी बंधाऱ्यावर विचारणा झाली. पुष्कळ ताटकळत ठेवल्यावर एका बगळ्याने पाय बदलला आणि उत्तर धाडलं, "आमच्या बाजूने सगळं ठीक दिसत आहे." ते उत्तर मागितलेलं असल्यामुळे व्यवस्थित पोचलं.

मावशीचं मन आंबत गेलं. "सासर गोड लागलं असेल. आईची कसली डोंबलाची आठवण!" असं ती चारचौघांत मोठ्याने म्हणे, आणि मग बिळात जाऊन डिंकाच्या खड्यांवरची माती झटकत बसे. कोतवालाने ते एकदा पाहिलं आणि त्याला राहवेना. तो नदी ओलांडून पलीकडच्या काठावर गेला, पाण्याकडे तोंड केलं आणि जीव खाऊन हाक टाकली, "मावशी!" हाक पाण्यात उतरली आणि बेटाकडे गेली. तिच्या पाठोपाठ तोही परत आला.

"काही आलं?" त्याने विचारलं.

"काही नाही," कासव म्हणालं.

"अहो आजोबा, आत्ता मीच टाकली की हाक! मावशीच्या नावाने!"

"मागितली होती का कुणी?"

"हाक कुणी मागून घेतं का?"

"न मागितलेलं आलं, असं धरत नाहीत," कासव शांतपणे म्हणालं. "आणि मावशी कोण? इथे एकटा कोतवाल राहतो."

कोतवालाच्या शेपटीची टोकं खाली आली. बेटाने तशी ती कधी पाहिली नव्हती.

बातमी पसरली आणि सगळे मुखाशी जमले. नको नको ते बोलून झालं. मावशी सगळ्यांत शेवटी आली. आता ही कासवाला फाडून खाणार, म्हणून सगळे बाजूला झाले. ती एवढंच म्हणाली, "आजोबा, जरा उठता का?"

परत बसवल्यापासून कासव जागचं हललं नव्हतं. ते उठलं. खालच्या चिखलातून एक बुडबुडा निघाला, त्याच्या पाठीवर चढला आणि फुटला. "आई, न्यायला ये." मग दुसरा. "आई, न्यायला ये ना गं." त्यांच्यामागून आणखी येत राहिले. "आई, सासूबाई विचारतायत, तुझ्या माहेरचं कुणी येणार आहे की नाही?" "आई, माझं काही चुकलं का?" कासवाने बुडबुड्यांना चुकवायला पाठ हलवून पाहिली, पण शब्द पाठीतूनच निघत होते. एकातून कोतवालाची हाकही निघाली. त्याच्या आधीचा एक मात्र अजून चिखलात चिकटून होता; तो उशिरा सुटला. "आई, मुलगी झाली. आता न्यायला नको."

मावशीचे काटे एकेक करून आडवे पडले. तिला रडताना बघायची सवय कुणालाच नव्हती, म्हणून सगळे पाण्याकडे बघत राहिले.

कासव स्वतःच मुखाच्या पाण्यात उतरलं, अगदी अरुंद होतं तिथे या काठापासून त्या काठापर्यंत आडवं झालं, आणि त्याने तोंड आत ओढून घेतलं. लाट आली, पाठीवर आपटली, तिचे शब्द झाले, आणि ते कुठेही न थांबता थेट सावरीपर्यंत गेले. त्यांना काय विचारायचं ते कोतवालाने विचारलं.

मावशीने डिंकाचं गाठोडं बांधलं आणि ती काठावर आली. पहिलं पाऊल पाठीवर पडलं तेव्हा जन्माच्या सवयीने "कोण?" कासवाच्या तोंडापर्यंत आलं. त्याने ते गिळलं. ओले पाय पलीकडे गेले.

पुढे रेवा लेकीला घेऊन माहेरी येऊ लागली. बेटावरच्या नव्या पोरांना मुखावर एक दगडी साकव आहे, एवढंच ठाऊक होतं. एकदा आजीचं बोट धरून तो ओलांडताना पोर मधेच थांबली.

"आजी, हा दगड उबदार का लागतो गं?"

"चल, पाय घसरेल," मावशी म्हणाली. त्या साकवावरून जाताना ती नेहमीच काटे मिटून चालत असे.