भरलेलं कपाट

एका बाजाराच्या गावात एक दवाखाना होता आणि त्या दवाखान्यात निवृत्तीअण्णा नावाचे भांडारपाल होते. आलेली औषधं मांडून ठेवायची आणि चिठ्ठी पाहून ज्याची त्याला द्यायची, हे त्यांचं काम. माणूस वाईट नव्हता बरं का! पण मागच्या तपासणीला आलेले साहेब रिकामी कपाटं बघून चारचौघांत कडाडले होते, "हे भांडार आहे की ओसाड घर?" तो बोल अण्णांच्या जिव्हारी लागला होता.

आता कपाटं रिकामी का होती? औषधं लोकांच्या पोटात गेली म्हणून! पण साहेबाला हे सांगणार कोण? अण्णांनी मनाशी ठरवलं, यंदा कपाट असं भरलेलं दाखवायचं की साहेबाने तोंडात बोट घातलं पाहिजे.

तपासणीची तारीख कळली आणि अण्णांचा हात आखडला. कोणी काही मागितलं की एकच उत्तर, "संपलंय. पुढच्या आठवड्यात या."

त्याच दिवसांत हौसा आली. तिच्या लेकीला, चिंगीला, आकडी यायची. रोजची गोळी पोटात गेली की पोरगी हसतखेळत असायची.

"अण्णा, गोळ्या सरल्या वो. एक पाकीट तरी द्या."

"संपल्यात गं. पुढच्या आठवड्यात ये."

"मधीच आकडी आली तर?"

"एवढ्यात काही होत नाही," अण्णा म्हणाले. या गोळ्या गावात दुसरीकडे कुठेच मिळत नव्हत्या, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी हौसाकडे पाहिलं नाही. ती गेल्यावर मात्र त्यांना जेवण गेलं नाही.

ठरल्या दिवशी साहेब आले, या वेळी दुसरेच. अण्णांनी कपाटांची दारं सताड उघडली. "वाहवा! भांडार असावं तर असं!" साहेब खूश झाले. लगोलग शाल आणि नारळ आणवला. अण्णांच्या खांद्यावर शाल पडली, टाळ्या झाल्या.

तेवढ्यात बाहेर ओरडा झाला. हौसा चिंगीला छातीशी धरून धावत आली. पोरीचे हातपाय ताठ झाले होते, तोंडाला फेस आला होता. डॉक्टरीणबाईंनी तिला कुशीवर निजवलं, सुई टोचली. अण्णा हातातला नारळ घेऊन जागीच खिळले. देवा, एवढी पोर वाचव, असं ते मनातल्या मनात घोकत राहिले. बऱ्याच वेळाने चिंगीने डोळे उघडले आणि आईला हाक मारली.

"गोळ्या का बंद केल्यास?" डॉक्टरीणबाई रागावल्या.

"म्या कशाला बंद करीन, बाई? दवाखान्यातच सरल्या व्हत्या." बोलता बोलता हौसाची नजर उघड्या कपाटाकडे गेली. चिंगीच्या गोळ्यांचं पाकीट ती रंगावरून ओळखायची. तिचा चेहरा खुलला.

"अगं बया, आल्या की गोळ्या!" तिने साहेबांना हात जोडले. "तुमच्या पायगुणानं आल्या बघा, साहेब. आमच्या अण्णांनी तरी काय करावं? त्यांच्याजवळ नव्हत्याच."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं अण्णांना झालं. गप्प राहिले असते तर कोणाला काही कळलं नसतं. पण ती बाई त्यांचीच बाजू घेत होती आणि तेच त्यांना सोसवेना. त्यांनी शाल काढून ठेवली, गोळ्या काढल्या आणि हौसापुढे धरल्या.

"हौसा, गोळ्या त्या दिवशीही इथंच होत्या. कपाट भरलेलं दिसावं म्हणून मी तुला नाही म्हणालो."

हौसाचे जोडलेले हात तसेच राहिले. तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर अण्णांना बरं वाटलं असतं. पण तिने गोळ्या घेतल्या, त्यांच्याकडे पाठ केली आणि लेकीच्या उशाशी जाऊन बसली.

तात्पर्य: गरजवंताला नाही म्हणून जे भरलेलं दाखवलं, त्याचं जगाने कौतुक केलं तरी आपली मान खालीच जाते.