धवळ्याच्या पोटातली ओवी

हा समोर दिसतो तो धवळ्या डोंगर. उन्हाळ्यात त्याच्याकडे बघवत नाही, डोळे दिपतात. पाऊस पडला की अंगावर गवत येतं, पण छातीचा भाग तेव्हाही पांढराच राहतो. तुम्ही मंडळी शहरातून पोरंबाळं घेऊन फिरायला येता, खालच्या जुन्या शिळावर्तुळापासून निघता आणि तासाभरात वळसा घालून परत येता, तोवर पोरांच्या चड्ड्या मागून पांढऱ्याफेक झालेल्या असतात. त्याला माझी हरकत नाही, माती आहे, धुतली की जाते. पण खाणीच्या कडेला कुणी घसरगुंडी खेळलं, तर मी लटारी पिंपळशेंडे, वय वर्षे पंच्याहत्तर, सगळ्यांदेखत कान धरतो. पोराचा नव्हे, बापाचा.

वरून बायकांचा आवाज येतोय तो ऐका. एक जण खाणीच्या तोंडाशी बसून एक ओळ म्हणते, आणि आतल्या बायका एकेक करून उत्तर देतात. मघाशी तुमच्यातल्या एक बाई म्हणाल्या, किती गोड गाणं आहे, आणि त्यांनी मोबाईल वर धरला. धरा की. फक्त ते करमणुकीचं गाणं नाही. ते का थांबत नाही, ते इथे सावलीत बसून ऐका, मग वर जाऊ.

आमचं निंबोरा तेव्हा आजच्याहून लहान होतं, असे सांगतात. घरं मातीची, आणि सणावाराला, लग्नकार्याला भिंती सारवायच्या त्या धवळ्याच्या पांढऱ्या मातीनं. वरवरची माती भरड असते. खरी मऊ माती आत, डोंगराच्या पोटात. तिला बायका लोणी म्हणत. लोण्याच्या नादानं पिढ्यान्‌पिढ्या त्या आत कोरत गेल्या आणि डोंगरात घरासारखी पोकळी झाली. आतलं काम हातांनी आणि विळ्यानं चाले, कुदळ लागत नसे, त्यामुळे बाहेर काही ऐकू येत नसे. म्हणून जुन्या बायकांनी ही रीत घालून दिली. बाहेरचीनं म्हणायचं:

*धवळ्या डोंगरा रे, कोण कोण तुझ्या पोटी?*

आणि आतल्या प्रत्येकीनं आपापल्या आवाजात उत्तर द्यायचं:

*मी गं आहे, बाई, माती भरते मी ओटी.*

सगळे आवाज आले की सगळ्या सुखरूप. एक जरी आला नाही, तर बाहेरचीनं बोंब मारायची आणि शेतातल्या माणसांनी हातातलं टाकून धावायचं. माती पडल्यावरही माणूस घटकाभर जगतं, हे त्या जाणून होत्या. ती घटका वाया जाऊ नये, एवढ्यासाठी हे गाणं.

त्या काळी बाहेर बसायचा मान गिरजाचा होता. ही विधवा बाई. तिला एकच मुलगी, येणू, सोळा वर्षांची. माघात तिचं लग्न ठरलेलं होतं. येणूचा आवाज इतका उंच, की आतून आला तरी खालच्या रस्त्यावरचा माणूस मान वर करी, म्हणे.

त्या वर्षी मोतीराम पाटलांची आई वारली. पाटील माणूस वाईट नव्हता, पण आईवर फार जीव. त्यानं दवंडी पिटवली की तेरवी होईपर्यंत गावात वाजंत्री नाही, गाणं नाही, मोठ्यानं हसणंही नाही. गावानं ऐकलं. मग नवव्या दिवशी त्याच पाटलाचा निरोप आला, की तेरवीला पाहुणे येणार, वाडा सारवायचा आहे, पाच जणींनी जाऊन लोणी काढून आणावं.

गिरजा पाटलाच्या दारी गेली. डोक्यावरचा पदर सावरून म्हणाली, "गाणं म्हणल्याबिगर खाणीत उतरता येत नाही जी, पाटील. दुसरं काही म्हणा, पण एवढं नका म्हणू."

"माही माय जाऊन नऊ दिवस झाले," पाटील म्हणाला, "अन् तुमी डोंगरावर गाणे म्हणसान? गाव काय म्हणीन?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. दुःखात माणसाला दुसऱ्याचा जीव दिसत नाही, हे मी त्याच्या बाजूनं सांगतो. पण गिरजाला तर दिसत होता. तिनं पाय घट्ट रोवून 'मग माती मिळणार नाही' म्हणायला हवं होतं. तिनं म्हटलं नाही. मोठ्या घराशी वैर नको, पोरीचं लग्न तोंडावर आहे, मुक्यानं का होईना, एक दिवस निभावून नेऊ, असा विचार तिनं केला. तुम्ही-आम्हीही हाच केला असता.

पाच जणी आत गेल्या. त्यांत येणूही होती. गिरजा तोंडाशी बसली.

ऊन चढलं. दोनदा टोपल्या बाहेर आल्या, रिकाम्या परत आत गेल्या. मग खाणीच्या तोंडातून पांढरी धूळ भसकन बाहेर आली आणि गिरजाच्या पदरावर बसली. दगड कोसळला तर आवाज होतो. ही माती पिठाच्या पोत्यासारखी बसली, असे सांगतात, मुकाट्यानं. गिरजाला वाटलं, कुणाची टोपली कलंडली असेल. सवयीनं तिच्या ओठांवर ओळ आली, म्हणे. तेवढ्यात तिची नजर खाली गावाकडे गेली. पाटलाच्या वाड्याचं छप्पर दिसत होतं, अंगणात माणसं बसलेली दिसत होती. तिनं ओठ मिटले.

ती बसून राहिली. टोपल्या येईनात. शिळावर्तुळातल्या दगडांच्या सावल्या हातभर सरकल्या, तेव्हा ती उठून आत वाकली आणि हळूच म्हणाली, "येणू, वं येणू! काऊन, झालं का?" पुढे माती होती. आत जायला वाटच नव्हती. मग मात्र ती ओरडली, आणि सुतक, पाटील, गाव, सगळं त्या ओरडण्यात वाहून गेलं.

सारा गाव धावला. पाटील स्वतः अनवाणी आला आणि नखांनी माती उपसू लागला, त्याचा मोठा मुलगा त्याच्या शेजारी. पण वरातीमागून घोडं. आतल्या चौघी जागच्या जागी गेल्या होत्या. येणू मात्र तिथे नव्हती. ती तोंडाकडे सरकत आली होती, बाहेरच्या उजेडापासून दोन हातांवर. तिच्या बोटांची नखं उरली नव्हती आणि तोंडापुढची माती ओली होती.

ती किती वेळ जिवंत होती, हे कुणी बोललं नाही. गिरजाला कुणी सांगायची गरज नव्हती. धूळ कधी आली ते तिला ठाऊक होतं.

पोरी एकदा मातीनं गिळल्या, पुन्हा मातीत नकोत, म्हणून पाचही जणींना अग्नी दिला. चिता पेटल्यावर गिरजानं ओळ म्हटली, धवळ्या डोंगरा रे, कोण कोण तुझ्या पोटी. आणि उत्तराची वाट बघत उभी राहिली. पाटील पुढे झाला, त्यानं डोक्यावरचं पागोटं काढून तिच्या पायांशी ठेवलं.

"गिरजाबाई, माही चूक झाली."

"तुमी गाणं बंद केलं, पाटील," ती म्हणाली. "तोंड म्या बंद केलं. माही चूक मोठी हाये."

तिथेच तिनं शपथ घेतली, असे सांगतात. गावात कुणाचंही मरण होवो, राजाचं होवो की देवाचं, आत बाई असेपर्यंत डोंगरावरची ओवी थांबणार नाही. पाटलाच्या आईची तेरवी बिनसारवलेल्या भिंतींच्या घरात झाली. गिरजा मात्र दुसऱ्या वर्षी पुन्हा खाणीच्या तोंडाशी येऊन बसली. लोकांना वाटलं, बाई दगडाची आहे. दगडाची असती तर बसली नसती.

बऱ्याच वर्षांनी मोतीराम पाटील वारला. त्या दिवशीही बायका आत होत्या. तिरडी डोंगराखालच्या वाटेनं निघाली आणि वरून ओवी ऐकू आली. भाऊबंद खवळले, चार जण काठ्या घेऊन वर निघाले. पाटलाच्या मोठ्या मुलानं त्यांना अडवलं. येणूला बाहेर काढणाऱ्यांत तो होता. त्यानं तिरडी खाली ठेवायला सांगितलं.

"बाबाले आता कायची घाई हाये?" तो म्हणाला. "थांबा. आतल्याइचं ऐकू द्या."

आतून एक आवाज आला, मग दुसरा, मग तिसरा. सगळे आले, तेव्हा त्यानं बापाला खांदा दिला.

आजही आमच्या गावची तिरडी डोंगराखाली थांबते. आता घरोघरी रंगाचे डबे आले, तरी चूल आणि देवघर पांढऱ्या मातीनंच सारवतात, आणि आतल्या भिंतीत दोन हातांच्या पलीकडे कुणी कोरत नाही. तरी वर ओवी चालू असेल, तर मयत खाली ठेवायचं, आतले सगळे आवाज ऐकायचे, मगच उचलायचं. पाहुणे नाक मुरडतात, मेलेल्याचा मान ठेवत नाहीत म्हणतात. म्हणू देत.

चार वर्षांपूर्वी माझी सरूबाई गेली. तीस वर्षं खाणीच्या तोंडाशी तीच बसायची. सकाळी अचानक गेली, तोवर चार बायका आत उतरलेल्या. तिरडी इथेच, या वळणावर, खाली ठेवली. बाहेर दुसरीच कुणी बसली होती, नवखी. तिनं ओळ म्हटली. आतून तीन आवाज आले. चौथा येईना. तिनं पुन्हा म्हटली. तीनच.

आम्ही धावलो. खांदेकरी धावले, माझा मुलगा धावला, मडकं धरलेला धावला, आणि या गुडघ्यांनिशी मीही धावलो. वर पोचलो तर चौथीला ठसका लागला होता, बसून पाणी पीत होती. मी तिला शिव्या घातल्या आणि तिच्यासमोरच रडलो.

खाली आलो तेव्हा वाटेवर सरूबाई एकटीच होती, तिच्या तोंडावर ऊन आलेलं. मी उपरण्याची सावली धरली आणि तिला सांगितलं, "आहेत वं, चारीजणी आहेत." मग आम्ही तिला उचललं.