धुनीत गेलेल्या टोपल्या

"चाळीस दिवस झाले, बाबा. माश्या गेल्या कुठं?"

मठाचे केवलबाबा धुनीजवळ बसून अंगाला राख लावत राहिले.

लोकेशचा पारा चढला. म्हाताऱ्यांचं मौन त्याला कधीच सोसत नसे. प्रश्न अंगावर आला की ही माणसं डोळे मिटतात आणि लोक त्याला समाधी म्हणतात. शेतकी कॉलेज त्यानं तिसऱ्या वर्षाला सोडलं, तेही एका सरांशी असंच वाजल्यावर. बापाच्या तोंडावर सांगून आला होता, पदवी गेली चुलीत, मठाची पपईची बाग वाचवून दाखवतो.

मठाची रोजची पंगत त्या बागेच्या जोरावर बसायची. तिथं पिठ्या ढेकूण शिरला होता. परमुलखातून आलेली कीड. पानाफळांवर पिंजलेल्या कापसासारखी बसते आणि झाड चोखून सुकवते. मठाचे कारभारी नथू जिभाऊ विषाचा पंप पाठीवर घेऊन निघालेच होते, तर लोकेश आडवा आला. शहरातल्या प्रयोगशाळेतून त्यानं काचेच्या नळ्यांत माश्या आणल्या, मोहरीहून बारीक. ही माशी ढेकणाच्या अंगात अंडं घालते, पिल्लू ढेकणाला आतून खातं आणि मोठं झालं की बाहेर पडतं. विष फवारलं तर माशी आधी मरते.

जिभाऊंनी चाळीस दिवसांची मुदत दिली. ती आज सरत होती, आणि कापूस होता तसाच होता.

"जिभाऊ आता येतील पंप घेऊन," लोकेश म्हणाला. "त्यांना काय, निमित्तच हवंय. वाळलेलं टरफल आहे ते माणूस. आत काही नाही."

बाबा उठले. कोनाड्यातली मधाची जुनी बाटली काढून त्यांनी त्याच्या हातात दिली.

"परवा तुझ्या टोपलीतलं एक पान माझ्या आसनावर पडलं होतं. सहज यात ठेवलं. बघ."

कॉलेजातलं भिंग लोकेशच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात असायचं, ताईत असावा तसं. ते त्यानं डोळ्याला लावलं. पान वाळलं होतं. कापसात मेलेल्या ढेकणांची दोन फुगीर, तपकिरी टरफलं. एकाला सुईच्या टोकाएवढं गोल भोक. आणि झाकणाशी एक पिवळसर ठिपका...

चालत होता.

"दुसऱ्याला भोक नाही," लोकेश पुटपुटला.

"म्हणजे?"

"म्हणजे माशी आत आहे अजून."

बाबांनी मान हलवली. "रोज किती पानं खुडतोस?"

"दोन टोपल्या. पांढरं पान दिसलं की काढायचं. बाग स्वच्छ..."

"टोपल्या कुठं जातात?"

लोकेशची नजर धुनीकडं गेली आणि तिथंच अडकली.

धुनीत बाहेरचं सरपण घालायचं नाही, बागेचाच पाचोळा घालायचा, ही मठाची रीत. मठाच्या रीतींवर लोकेश उठताबसता तोंडसुख घ्यायचा. ही एकच त्यानं मुकाट पाळली होती. त्याला सोयीची होती.

बाबा आपल्या राखेनं माखलेल्या हाताकडं बघत होते.

"नियम तुमचा," लोकेश म्हणाला. आवाज फाटला. "तुम्ही इथं बसून रोज बघत होता."

"नियम माझ्या गुरूंचा. कशासाठी आहे, मी कधी विचारलं नाही."

"विचारायला हवं होतं."

"हवं होतं..." बाबा म्हणाले. "भिंग तुझ्याकडं होतं."

चाळीस दिवस, रोज दोन टोपल्या, आतल्या माश्यांसकट धुनीत. आणि माश्या निकामी निघाल्या म्हणून लोकेशनं त्यांना शिव्या घातल्या होत्या, प्रयोगशाळेला घातल्या होत्या.

आजच्या टोपल्या धुनीच्या कडेला तशाच होत्या. बाबांनी पंच्याचं टोक ओलं करून दोन्ही दंडांवरची राख पुसली. मग एक टोपली उचलून ते बागेत गेले आणि पहिल्याच झाडाच्या बुंध्याशी तिला अलगद टेकवून आले. परत येऊन दुसरी उचलली.

"धुनी विझेल, बाबा," लोकेश म्हणाला. त्यालाच नवल वाटलं, आपल्याला त्याचं वाईट का वाटावं.

"विझेल," बाबा म्हणाले आणि टोपली त्याच्या हातात दिली.

तो ती ठेवून परतला, तेवढ्यात फाटक वाजलं.

नथू जिभाऊ. सत्तरी उलटलेली, पाठीवर भरलेला पंप, कंबर वाकलेली. मजूर लावला नव्हता, स्वतःच आले होते. वाटेत एका पपईला हात टेकून दम खायला थांबले. वर फळांकडं बघितलं. मग एका फळावरचा कापूस बोटानं हळूच पुसायला लागले, आजारी नातवाचं नाक पुसावं तसं.

लोकेशनं तोंड फिरवलं.

"तुम्हीच सांगा त्यांना, बाबा. अजून वीस दिवस मागा. माझं ऐकायचे नाहीत. नुसतं टरफल आहे, आत काही उरलेलंच नाही."

बाबांनी मधाची बाटली पुन्हा त्याच्या हातात ठेवली.

"त्या टरफलाला भोक पाहिलंस?"