कोरडा ठणठणीत मका

शहाणपणात आमच्या गावात माझा पहिला नंबर. गाव लहान आहे, आणि नंबर लावणाराही मीच.

तर अशाच एका गावात भिवसन नावाचा एक भोळा शेतकरी होता. रानात त्याचा मका उभा होता आणि बायकोच्या, तान्हाबाईच्या, डोळ्यांत म्हैस उभी होती. मका विकून म्हैस आणायचं ठरलं होतं.

तान्हाबाई म्हणाली, "अहो, मका ओला काढू नका. मग मशिनवर वाळवावा लागतो आणि म्हशीचे पैसे भाड्यात जातात. रानात फुकट वाळू द्या. दाणा चावून बघा. कट्ट वाजला की काढा."

भिवसन संध्याकाळी जबडा धरून घरी आला.

"काय झालं?"

"सगळ्या रानातली कणसं चावली. एकही वाजलं नाही."

"अहो, चार बघायची. चारांवरून बाकीची कळतात."

"हात्तिच्या. आता ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी तिने त्याला रानात चरणाऱ्या शेळ्या आणायला धाडलं. तो चार घेऊन आला.

"बाकीच्या?"

"चारांवरून कळतात. बऱ्या आहेत."

तान्हाबाईने झुडपं पालथी घालून शेळ्या हुडकल्या. "रानात आपलं जे असेल ते सगळं घरी आणायचं. मागे ठेवलं की कोल्हे खातात."

"हात्तिच्या."

मग ती माहेरी जाऊन आली. बघते तर अंगणात सगळा मका. दाणा नखाने दबत होता.

"तुझे कोल्हे उपाशी मेले," भिवसन म्हणाला.

आता मशिनशिवाय गती नव्हती. "म्हैस गेली," तान्हाबाई म्हणाली, "निदान पारडी तरी येऊ द्या. मशिनवाला सांगेल तसं करा. आणि व्यापाऱ्याकडे ओला माल नेऊ नका, भाव पाडतो."

मशिनवाल्याने मका सोलला, वाळवला, पोती गाडीत घातली.

"ओलावा गेला हे कळतं कसं?" भिवसनाने विचारलं.

"पोतं हलकं होतं."

"हात्तिच्या."

वाटेत भिवसनाने एक पोतं उचलून बघितलं. जड. दुसरंही जड. "लबाड मशिनवाला," म्हणत त्याने विळा काढला आणि पोत्यांना भोकं पाडली. गाडी पुढे, पारवे मागे.

रस्त्यावरचा एक जण म्हणाला, "पाव्हणं, मका सांडतोय."

"मका नाही, ओलावा जातोय."

बाजारात पोचेपर्यंत एकेक पोतं बोटावर उचलता येऊ लागलं. भिवसन छाती काढून म्हणाला, "शेठ, हात घालून बघा. इतका कोरडा माल तुमच्या दारात आला नसेल."

व्यापाऱ्याने एका पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. दुसऱ्यात घातला. तिसऱ्यात डोकं घालून बघितलं.

"माल कोरडा आहे खरा," तो म्हणाला. "पैसेही असेच वाळवून देऊ का?"